माझ्यानंतर ही, असं लिहिलं होतं

"आडनाव काय म्हणालीस?"

पुण्यातल्या हॉलच्या दारात सरांनी मला दुसऱ्यांदा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. आमच्याकडे आडनावावरून वस्ती कळते. पुण्यातही कळते, हे त्या दिवशी समजलं. पुढची खुर्ची दाखवायला उचललेला हात सरांनी खाली घेतला. "मागे बस," म्हणाले.

सरांनी मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर सुरू केलं होतं. ओपन सोर्स. म्हणजे कोड सगळ्यांसमोर उघडा. कुणीही दुरुस्त करावा, कुणीही प्रत न्यावी. मूळ प्रतीत काय जाईल, ते मात्र प्रमुख ठरवणार. मी आखाडा बाळापूरच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. पोरं घरी गेली की त्याच मशीनवर हे काम. जोडाक्षरं तुटायची, ती मी सांधली. नव्यांचे कोड तपासले. वर्षानुवर्षं. ईमेलवर माझं फक्त पहिलं नाव. तिथं कुणी जात विचारली नाही, म्हणून मला वाटलं, तिथं जातच नाही. खुळी मी.

सर थकले होते. सगळ्यांना मेलवर त्यांनीच कळवलं होतं, "माझ्यानंतर ही सांभाळेल. आपल्यात जो काम करतो, त्याचा शब्द चालतो." पुण्यातल्या मेळाव्यात तशी घोषणा होणार होती. मी ती मेल बाबांना वाचून दाखवली.

बाबा म्हणाले, "जाय बाई. काम तू केलं, मंग मान बी तुझाच."

आणि त्या हॉलमध्ये सरांनी माईकवर प्रकल्पात नुकत्याच आलेल्या एका पोराला प्रमुख केलं. त्याच्या चुका मीच निस्तरल्या होत्या. टाळ्या पडल्या. मग सर माझ्याकडे बघून म्हणाले, "तू मागून मदत करशीलच."

अंगाची लाहीलाही झाली. या माणसाला मी गुरू मानलं होतं. उभी राहिले.

"न्हाई करणार, सर. शब्द काहून बदलला, ते इथं सगळ्यांपुढं सांगा."

"हे बघ, प्रकल्पाला चेहरा लागतो."

कुणी मान वर केली नाही. ज्यांच्याशी रोज मेलवर बोलायची, तेही खाली बघत बसले. ते जास्त लागलं.

गावी येऊन मी कोडची प्रत उचलली आणि वेगळा प्रकल्प उभा केला. सरांची मेल आली, घर फोडू नकोस, उपप्रमुख करतो. मी ती मेल बंद केली. नव्या प्रकल्पाचा पहिला नियम लिहिला. प्रमुख कोण, ते काम करणारे मत देऊन ठरवतील, आणि मलाही हटवू शकतील. वारस नेमायचा हक्क इथं कुणाला मिळणार नाही. मलाही नाही.