कंपनीचे सात मालक

ठाण्याच्या मॅजिस्ट्रेट कोर्टात विश्राम नारायण ताम्हाणे बावीस वर्षं दुभाषी होते. आरोपी मराठीत बोलायचा, विश्रामराव ते साहेबाला इंग्रजीत सांगायचे. कामाची रीत अशी, की आरोपी ‘मी चोरी केली’ म्हणाला की यांनीही ‘मी चोरी केली’ असंच म्हणायचं, ‘तो म्हणतो’ अशी शेपटी जोडायची नाही. या हिशेबाने विश्रामरावांनी आजवर शे-दीडशे चोऱ्या आणि पाच-सहा खून कबूल केले होते, आणि दर संध्याकाळी नौपाड्यातल्या घरी जाऊन निमूट आमटी-भात जेवले होते. स्वतःचं म्हणून एक वाक्य त्यांनी कोर्टात कधी उच्चारलं नव्हतं. तशी वेळच आली नव्हती.

सन १८९२च्या थंडीत ती वेळ आली, आणि आली ती लुसीच्या पायांनी. लुसी ही कोलशेतची किरिस्तांव बाई, त्यांच्याकडे वर्षानुवर्षं मासे घालणारी. त्या सकाळी तिच्या डोक्यावर पाटी नव्हती.

“रावसाब, आमच्या डॉमनिकला धरला हो! कल्यानच्या बंदरावर. मचवा पन जप्त केला.”

डॉमनिक म्हणजे तिचा नवरा. वसईपुढे उभ्या असलेल्या एका गलबतावरून दोन भल्या थोरल्या पेट्या उतरवून त्याने मचव्यातून खाडीने कल्याणला नेल्या. तिथे त्याने काय करावं? चोरासारखं गुपचूप निसटावं की नाही? तर नाही. नाक्यावरच्या शिपायाला त्याने आपण होऊन हाक मारली, “ओ शिपाय, कंपनीचा माल हाय, वाट द्या!” शिपायाने पेट्या फोडल्या. आत रेशमाचा डोंगर, दोरांची अगडबंब जाळी आणि माणूस उभा राहील एवढी वेताची टोपली. कोळ्याचं जाळं म्हणावं तर ते रेशीम कशाला, आणि साड्यांचं रेशीम म्हणावं तर ती टोपली कशाला, हे कुणालाच उमगेना. शेवटी मुंबईत फुग्यातून उडण्याचा तमाशा पाहिलेल्या एका साहेबाने ओळखलं की हे विमान आहे. यात धूर कोंडला की माणूस आभाळात जातो. परवाना नाही, जकातीची चिठ्ठी नाही, आणि माल निघालेला घाटावर, कुठल्या संस्थानात कोण जाणे. साहेबलोकांना त्यात बंडाचाच वास आला.

“पण डॉमनिकने असला माल घेतलाच कशाला?” विश्रामरावांनी विचारलं.

“कंपनीचा बोलले म्हनून. त्याचा बापूस कंपनी सरकारची लाकडं वाहायचा. मरताना सांगून गेला, कंपनीच्या मालाला नाय बोलू नको.” लुसीने डोळे पुसले. “पन रावसाब, ती कंपनी गेली ना हो? आता तर राणीचा राज. मंग ही कंची कंपनी आली?”

विश्रामरावांनी समजावायचा प्रयत्न केला, की हल्ली कुणीही सात माणसं एकत्र येऊन कागदावर सह्या करतात आणि कंपनी होते.

“सात मानसं म्हंजे कंपनी? आमच्या मचव्यावर पन सात जन असतात.”

दुसऱ्या दिवशी डॉमनिकला ठाण्याच्या कोर्टात आणलं. साहेबाने त्याला जे सांगितलं ते विश्रामरावांनीच मराठीत करून दिलं: आठ दिवसांत कंपनी दाखव, नाहीतर माल तुझा आणि गुन्हाही तुझा. म्हणजे तुरुंग, आणि मचवा सरकारजमा. पेटीवर छापलं होतं, कोकण-दख्खन ट्रेडिंग कंपनी लिमिटेड, नौपाडा, ठाणे. आता नौपाड्यात विश्रामरावांचा जन्म गेलेला. तिथे कुणाची म्हैस व्याली हेही त्यांना ठाऊक असायचं. ही एवढी कंपनी राहते कुठे?

कायद्याच्या एका कलमाचं मात्र त्यांनीच कधीतरी भाषांतर केलं होतं. कंपन्यांचं दप्तर मुंबईत असतं, आणि फी भरली की ते कुणालाही पाहता येतं. कुणालाही! भाषांतर करताना त्यांना हसू आलं होतं, की कोण रिकामटेकडा जाणार? रजा टाकून ते स्वतः गेले.

फोर्टातल्या कारकुनाने कागद पुढे ठेवला. सात सह्या, सातांपुढे धंदा एकच, ‘व्यापारी’. पहिली सही प्रभाकरपंतांची. हे अल्पाकाचा कोट घालणारे गृहस्थ श्रावणात यांच्याच आळीत भाड्याने राहायला आले होते आणि दिवाळीनंतर अचानक दिसेनासे झाले होते. दुसऱ्या व्यापाऱ्याने सहीऐवजी आरशाची निशाणी काढली होती. विश्रामराव चमकले. आरसा काढतो तो न्हावी! तिसऱ्याचा, सहाव्याचा आणि सातव्याचा नांगर होता, म्हणजे कुणबी. चौथ्या व्यापाऱ्याने तर चक्क बांगडी काढली होती. इंग्रज कारकुनाला ही सगळी वेडीवाकडी चित्रं वाटली असतील, पण ज्याने मराठी दस्त पाहिले आहेत त्याला त्या निशाण्या माणसांसारख्या बोलतात. आरसा म्हणजे त्यांची दाढी करणारा काळुराम. बांगडी म्हणजे प्रभाकरपंतांकडे भांडी घासणारी सगुणा.

पाचवी सही वळणदार होती. अक्षर ओळखीचं वाटलं. ते त्यांचंच होतं.

गाडीत बसून ते ठाण्याला आले कसे, हे त्यांना नंतर आठवेना. आठवत होता तो प्रभाकरपंतांचा सत्यनारायण. प्रसादाचा द्रोण हाती देऊन यजमान म्हणाले होते, “विश्रामराव, एवढी साक्ष घाला.” साक्ष कुणी मागितली तर नाही म्हणायची पद्धत नाही, आणि ज्याचा शिरा खाल्ला त्याच्या घरात बसून त्याचाच कागद वाचायचा म्हणजे तोंडावर अविश्वास दाखवणं. बोटं चाटून त्यांनी सही ठोकली होती. काळुरामला विचारलं तर तो म्हणाला, “म्या समजलो, परसाद घेनाऱ्यांची यादी हाय.” सगुणाला तो पगाराचा कागद वाटला होता.

“मग मालक कोण?” मंदाकिनीबाईंनी नवऱ्याला विचारलं.

“मी. आणि काळुराम. आणि सगुणा.”

“अगंबाई! म्हणजे विमान इकडचं?”

“तेच कळत नाही गं मला!”

खरंच कळत नव्हतं. सरकारी नोकराला व्यापार वर्ज्य. बोलावं तर बावीस वर्षांची नोकरी जाते. गप्प बसावं तर कुणाला कळणार नाही, ते दप्तर पाहायला कोण जातोय? पण मग डॉमनिक तुरुंगात जातो. तीन दिवस ते जेवणावरून अर्धपोटी उठले. भित्रा माणूस, देवालाही विचारायला भ्याला.

आठव्या दिवशी डॉमनिक पिंजऱ्यात उभा राहिला. साहेबाने विचारलं, कंपनी कुठे आहे? विश्रामरावांनी मराठी केलं.

“मना काय ठाव?” डॉमनिक म्हणाला.

विश्रामराव साहेबाकडे वळले आणि इंग्रजीत म्हणाले, “साहेब, ती कंपनी मीच आहे.”

साहेबाने मान डोलावली आणि लिहून घेतलं: आरोपी कबूल करतो की कंपनी त्याचीच आहे.

विश्रामरावांनी घाईघाईने दुरुस्त केलं. “नाही साहेब, मी! मी म्हणजे मी!” साहेबाने तेही डॉमनिकच्याच नावावर लिहिलं. कोर्टात खसखस पिकली. या खोलीत विश्रामरावांच्या ‘मी’चा अर्थ नेहमी दुसराच कुणीतरी होता.

तेव्हा ते आपली जागा सोडून खाली उतरले. पगडी सावरत साक्षीदाराच्या पिंजऱ्यात जाऊन उभे राहिले. आता कुठे साहेबाची लेखणी थांबली.

“माझं नाव विश्राम नारायण ताम्हाणे,” ते मराठीत म्हणाले. “सात मालकांत माझी सही आहे. न वाचता केली, ही चूक माझी. बाकीचे न्हावी, कुणबी, मोलकरीण. प्रभाकरपंत पळाले. या माणसाने फक्त ओझं वाहिलं.”

“इंग्रजीत सांगा,” साहेब म्हणाला.

“सांगतो. पण आधी त्याला कळू द्या.”

डॉमनिकने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि तो भर कोर्टात रडला. मुंबईहून दप्तराची नक्कल आली, आणि पुढच्याच आठवड्यात तो मचवा घेऊन कोलशेतला गेला. प्रभाकरपंत सापडले नाहीत. विमान कुणासाठी निघालं होतं, हे आजतागायत कुणाला समजलेलं नाही.

पौषात विश्रामरावांच्या घरी सरकारी लखोटा आला. आत हुकूम होता, इंग्रजीत. मंदाकिनीबाई पदराला हात पुसत पुढे येऊन बसल्या. विश्रामरावांनी चष्मा लावला आणि बडतर्फीचा तो हुकूम त्यांना मराठी करून वाचून दाखवला, एकही शब्द न गाळता.