न कापलेलं बॉनेट

गाडीचं इंजिन काढलं की त्या रिकाम्या जागेत बन्सी मिस्त्री एक नारळ ठेवायचा. नवं इंजिन येईपर्यंत तो तिथंच राहायचा. "घर रिकामं दिसलं की कोनी बी घुसतंय," असं त्याचं म्हणणं. नंतर तो नारळ फोडून गॅरेजात खोबरं वाटायचा. त्याला थोडा डिझेलचा वास यायचा, तरी आम्ही सगळे खायचो.

बीडमध्ये त्याचं पत्र्याचं गॅरेज होतं. माणूस मूळचा शिरूर कासारचा. आईबाप दरसाल ऊसतोडीला जायचे, त्यामुळे हा शाळेत कमी आणि कारखान्यावर उभ्या ट्रकांखाली जास्त वाढला. मी जुन्या गाड्या घेतो आणि विकतो. भंगाराच्या हातगाडीपासून सुरुवात केली, बापाची मदत नाही की पुढाऱ्याची. सौद्यात मी चिवट आणि तोंडाचा फाटका, हे सगळा बाजार जाणतो. बन्सीपुढे मात्र माझं चालायचं नाही. मी कामाची घाई केली की हातातल्या पान्यावरची नजर न काढता तो म्हणायचा, "घाई असंल तर यष्टीनं जा."

तलवाड्याच्या एका बड्या घराच्या गोठ्यात एक विलायती गाडी पडून होती. दोन दारांची, आणि बॉनेट असं लांबलचक की त्यावर दोन माणसं आरामात झोपावीत. थोरल्या मालकांनी ती हैदराबादहून आणलेली. आठ सिलिंडरचं पेट्रोल इंजिन जाम झालं होतं, आणि चालू असतं तरी त्याला पेट्रोल पाजणार कोण? आत कोंबड्या अंडी घालत होत्या. मी गाडी उचलून बन्सीच्या दारात आणून टाकली. बेत साधा होता. उसाच्या मिनी ट्रकचं डिझेल इंजिन बसवायचं आणि वरातीसाठी गाडी विकायची.

एरवी गाडी आली की बन्सी आधी बॉनेट उघडायचा. त्या दिवशी त्यानं आधी हात पुसले.

"शेट, ही म्या लहानपनी पाह्यली हाय," तो म्हणाला. "उसाच्या फडाच्या कडंनं गेलती. समद्यांनी कोयते खाली ठिवले. मुकादम बी गप."

डिझेल इंजिन आत बसलं, पण ते उंच निघालं. बॉनेट चार बोटं वर राहिलं. आमच्याकडे अशा वेळी कुणी फार विचार करत नाही. गॅस कटरनं बॉनेटला चौकोनी भोक पाडायचं, वरून पत्र्याचा डबा वेल्ड करायचा, संध्याकाळी गाडी रस्त्यावर. मी तेच करायला सांगितलं.

"न्हाई कापायचं," बन्सी म्हणाला.

"कावून?"

"फेट्याला भोक पाडून, शेंडी बाहीर काढून नवरदेव बसवतो का तू?"

"मला इकायचीय ती. पूजा न्हाई करायची."

"मंग ने कटरवाल्याकडं. नारळ तेवढा माझा ठिव."

मी शिव्या देत निघून गेलो. दुसऱ्या दिवशी आलो, तर तो गाडीखाली. इंजिनचं ऑइल चेंबर कापून उथळ करायचं, इंजिन ज्यावर बसतं तो आडवा बीम खाली घ्यायचा, मग स्टिअरिंगचा दांडा आडवा येतो म्हणून सगळं परत खोलायचं, असं त्याचं चाललं होतं. सगळा हिवाळा त्यानं गार फरशीवर पाठ टेकून काढला. मी रोज भांडायचो. तो खालून हात काढून पाना मागायचा.

त्याच दिवसांत त्यानं बूट सोडून चपला घातल्या. "बूट चावतेत," म्हणाला. पाणी दिलं तर दोनच घोट घ्यायचा. मधूनच गॅरेज बंद असायचं. विचारलं तर, "गावाकडं गेलतो."

उन्हाळा लागता लागता बॉनेट बसलं. बन्सीनं ते अलगद सोडलं आणि ते आपल्याच वजनानं मिटलं. कडेच्या फटीवरून त्यानं बोट फिरवलं. फट सगळीकडे सारखी होती. मग मला चालवायला बसवलं आणि आपण शेजारी बसला. आम्ही पालीच्या धरणावर गेलो. आवाज ट्रकचा असल्यामुळे माणसं बाजूला व्हायची आणि आमच्या मागं ट्रक शोधायची. बन्सीला हसून हसून खोकला लागला. धरणावर मी म्हटलं, उतर जरा. तो उतरला नाही.

"बसू दे बे. हितून बॉनेट चांगलं दिसतंय."

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याला दवाखान्यात नेलं. दोन्ही किडन्या गेल्या होत्या. ही बातमी नवी होती ती फक्त मला. दिवाळीपासून डॉक्टर त्याला मोठ्या दवाखान्यात भरती हो म्हणून सांगत होते. गल्लीला माहीत होतं, चहावाल्याला माहीत होतं. त्याच्या बायकोवर, कौसावहिनींवर, मी व्हरांड्यातच ओरडलो. त्या खाली बघत म्हणाल्या, "म्या म्हनलं व्हतं, भाऊजीला सांगा. तर म्हनले, त्याला कळलं की तो बॉनेट कापून गाडी इकून टाकल अन् मला दवाखान्यात घालल."

विकली असतीच. त्याच दिवशी, येईल त्या भावाला विकली असती.

मी आत गेलो. तो पडून होता, चेहरा सुजलेला. मी म्हटलं, "गाडी माझी. मला एका शब्दानं इचारायचं तरी."

"तुला इचारलं असतं तर सौदा तूच जिकला असता, बे," तो म्हणाला, आणि डोळे मिटले. माझं उत्तर त्याला नको होतं. त्याच आठवड्यात तो गेला.

गाडी माझ्या शेडमध्ये उभी आहे. गिऱ्हाइकं येतात, बॉनेट उघडतात, एवढं उंच इंजिन आत बसलं कसं म्हणून वाकून बघतात. काय काम केलंय मिस्त्रीनं, म्हणतात. मला ते ऐकवत नाही. मी असा भाव सांगतो की ती निघून जातात. मला भोक पाडलेलं बॉनेट चाललं असतं. पडत्या भावात गेलेली गाडी चालली असती. बन्सी आज कुठंतरी एखाद्या गाडीखाली पडून मला यष्टीनं जायला सांगत असता, तर मी गेलोही असतो.