डोंग्याची मोटर आणि पोलीस भरती

आमच्या पूर्वजांनी बैलांच्या पाठीवर मीठ लादून अर्धा देश पालथा घातला, पण पाण्यात उतरायची वेळ आली की ते बैलांना पुढे करायचे. मी त्याच वंशातला. तरी धरणाचं पाणी तांड्याच्या तीन बाजूंनी पसरलेलं, म्हणून यंदाच्या उन्हाळ्यात मी आणि चुलतभावाने भागीत एक जुना डोंगा घेतला आणि त्याच्या मागे लावायची पेट्रोलची मोटर. दारव्ह्यावरून यवतमाळला जाणारी बस पलीकडच्या काठावर थांबते. डोंग्याने वीस मिनिटं. रस्त्याने निघालो तर धरणाला वळसा घालण्यातच सकाळ संपते.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या मुलीची यवतमाळला पोलीस भरतीची मैदानी चाचणी होती. सातची बस चुकली की भरती चुकली. वर्षभर ती रोज धरणाच्या भिंतीवर धावायला जायची आणि मी बायकोला सांगायचो, पोरगी वाळून चालली.

ती नवे बूट मांडीवर घेऊन डोंग्यात बसली. मी मोटरीची दोरी ओढली. हूं नाही की चूं नाही. पुन्हा ओढली, पुन्हा तेच.

चुलतभाऊ आमच्या तांड्याचा इंजिनिअर. फवारणीचे पंप त्याने एवढे उघडलेत की त्यातले दोन पुन्हा चालूही झाले. "पेट्रोलमंदी कचरा असन," तो म्हणाला. नळीवरचा रबरी फुगा दाबून पाहिला, पेट्रोल नीट येत होतं. मग प्लग काढून सदऱ्याला पुसला, लोखंडाला टेकवला आणि मला दोरी ओढायला लावली. ठिणगी पडेना.

"करंटच नाही येऊन राह्यला," असं म्हणून त्याने मोटरीला दोन थापडा दिल्या. "काल तू पूजा नीट नाही केली."

हे मला झोंबलं. पूजेत मी कधीच कसर ठेवत नाही. काल मोटर घासून धुतली, हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला, जुना नाडा काढून नवा लाल नाडा बांधला.

मुलगी मोटरीवर वाकली होती. "बा, इथं चित्र हाये. माणसाच्या कमरेले दोरी बांधली अन् ती या बटणात अडकवली. ते दोरी कुठं गेली?"

ती धरणात गेली होती. दर दसऱ्याला आम्ही औजारांचे जुने नाडे सोडून नवे बांधतो आणि जुने फुलांसोबत पाण्यात टाकतो. वखर असो, पंप असो, मोटरसायकल असो. बटणाला लटकलेली ती लाल दोरी कुणी कधी कमरेला बांधली नव्हती, त्यामुळे ती मला आधीच्या मालकाने बांधलेला नाडा वाटली. मी चिमट्यासकट उपटून भक्तिभावाने सोडून दिला. माणूस पाण्यात पडला तर दोरीचा चिमटा बटणातून निघून करंट तुटावा आणि मोटर आपोआप बंद व्हावी म्हणून ती दोरी असते. विकणाऱ्याने सांगितलंही असेल, पण ऐकून घ्यायची आम्हाला सवय नाही.

चुलतभाऊ हसून हसून खाली बसला. सातला पंचवीस मिनिटं होती.

मुलीने केसांचं रबर काढलं, बटण बाहेर खेचून त्याच्या मागे रबराचे तीन आवळ वेढे दिले आणि म्हणाली, "ओढ आता."

मी दोरी हातात घेतली आणि खरं सांगतो, मनात आलं, नाही झाली चालू तर बरं. एकुलती एक पोरगी. वर्दी चढली की कुठल्या शहरात, कुठल्या ठाण्यात जाईल, कोणावर ओरडेल, कोण तिच्यावर हात टाकेल. मी दोनदा ओढली. मोटर खोकली आणि बंद पडली. मुलीने मला बाजूला केलं, पाय रोवला, एकदाच ओढली. चालू झाली.

पलीकडे बस उभी होती, कंडक्टर चहा पीत होता. मुलीने काठावर बसून बूट घातले, आणि चुलतभावाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू मला म्हणाली, "बा, तू आज जीव लावून दोरी ओढलीच नाही. मी पाहून राह्यली होती."

"मोटर थंडी होती," मी म्हणालो.

"हो," ती म्हणाली, आणि बसकडे धावली. वर्षभरात एकदाही मी तिला धावताना पाहायला गेलो नव्हतो.