शेवळांतली काकडं

शेवळांच्या भाजीला काकडं लागतात. शेवळं म्हणजे मृगाच्या आगेमागे डोंगरउतारावर जमिनीतून वर येणारे तपकिरी कोंब. काकडं म्हणजे रानातली आवळ्याएवढी, हिरवी, आंबट फळं. नुसती शेवळं खाल्ली तर घसा आतून खाजतो. काकडं ठेचून, बिया काढून, त्यांचा गर भाजीत शिजवला की ती खाज मरते. खालापूर-कर्जतकडच्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. मला ठाऊक नव्हतं, कारण मी घाटावरची. जिला ठाऊक होतं तिनं मला सांगितलं नाही.

माझ्या माहेरी बाजरी खायचे. मी तिसरीपर्यंत शाळेत गेले, मग लग्न झालं. घाटातून आगगाडी जायची, पण आमचं वऱ्हाड बैलगाड्यांनीच बोरघाट उतरलं. सासरी सगळा भात आणि तांदळाची भाकरी. बाजरीचं पीठ मळतात तसं मी तांदळाचं पीठ गार पाण्यात मळलं. थापली तर कडा फाटल्या, तव्यावर टाकली तर मधून तुटली. सासूनं तुकडा उचलून सगळ्यांना दाखवला. म्हणाली, "ही भाकर हाय का नांगरलेलं श्यात?"

सासू ओटीवर गेल्यावर थोरली जाऊ माझ्याशेजारी येऊन बसली. "बाय, तांदळाला गार पानी चालत नाय. आदी आदण ठेव, त्यात पीठ घालून उकड काढ. मंग ऊन ऊन मळायची. हात भाजतो, भाजू दे." तिनं माझा हात धरून थापायला लावलं. पुढं तिनं वालाचं बिरडं शिकवलं, सुकट किती भाजली म्हणजे कडू होत नाही ते शिकवलं. मोड आलेल्या वालांची सालं काढत आम्ही दोघी तासन्‌तास बसायचो. त्या घरात माझ्याशी नीट बोलणारी ती एकटीच होती. नवरा बोलायचा, पण कामापुरतं.

जावेच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती. मूल नव्हतं. माझी मुलगी झाली तेव्हा बाळंतपण तिनंच केलं. सुंठ घालून नाचणीची पेज, वर मऊ भात आणि शेपू. पोरीला न्हाऊ घालायची ती, धुरी द्यायची ती. मला वाटलं, आईनं तरी आणखी काय केलं असतं.

आमच्याकडे लावणी सुरू झाली की एक सून चुलीशी राही आणि दुसरी दिवसभर चिखलात. सासूचे गुडघे धरलेले, ती नुसती हुकूम सोडायची. आदल्या साली मी चिखलात होते. जाऊ थोरली म्हणून चूल तिची. या साली सासू म्हणाली, "पोर अंगावर पितंय. धाकटी घरी ऱ्हावं दे. पन हिच्या हातचं मानसांनी खायला नको का? माजा दादा शेवळं खायला येईल तवा हीच रांदंल. त्याला गोड लागलं तर चूल हिची."

सासूचा दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ, पोशिरचा. दर साली शेवळांच्या दिवसांत यायचा, पोटभर खाऊन जायचा. त्याचा शब्द घरात कुणी मोडत नसे. मला मामाचं काही पडलं नव्हतं. चूल मिळाली तर पाळणा चुलीशेजारी आणि पोर माझ्यापाशी, एवढंच मला हवं होतं. तीन महिन्यांची पोर टाकून चिखलात उतरायचं नव्हतं. हे मी जावेला बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, "खरं हाय गं बाय. मी हाय ना."

मामा यायच्या दिवशी सकाळी ठाकरीण डोक्यावर पाटी घेऊन आली. तिनं शेवळांच्या जुड्या दिल्या आणि पळसाच्या पानात बांधलेली हिरवी फळंही दिली. ठाकरणी शेवळांबरोबर काकडं देतातच, मागावी लागत नाहीत. मी जावेला विचारलं, "ही कसली?"

"आवळी. कच्ची हायती. ती पोरास्नी खेळाया टाकते." असं म्हणून तिनं पुडा सोडला आणि शेजारची पोरं अंगणात होती त्यांच्याकडे फळं भिरकावली. पोरं त्यांच्या गोट्या करून खेळायला लागली.

मग आम्ही दोघींनी शेवळं साफ केली. वरचं साल काढायचं, देठाला पिवळट दाणेदार भाग असतो तो खरवडून टाकायचा, उरलेलं बारीक चिरायचं. चिरताना माझी बोटं चुणचुणली. माहेरी अळू असंच खाजतं, म्हणून मी विचारलं, "ही खाजत न्हाईत ना?"

"अळवाला काय घालता तुमी?"

"चिंच."

"मंग घाल की चिंच. अजून काय व्हय?"

मी चिंचेचा भरपूर कोळ घातला. सुकट धुऊन घातली, कांदा, लाल तिखट, वर खोबरं. वास चांगला सुटला. आमच्याकडे रांधणारीनं आधी चाखायचं नाही, पाहुण्याचं अन्न उष्टं होतं. नाहीतर मला तिथंच कळलं असतं.

पुरुष जेवायला बसले. पहिल्या घासाला मामा म्हणाले, "झाक झालीय." ही खाज लगेच लागत नाही. दोन-तीन घास गेल्यावर त्यांनी पाणी मागितलं. मग खाकरले. मग पुन्हा पाणी. थोरल्या दिरानं भाजी पानाच्या कडेला सारली. मामांनी गळ्यावरून हात फिरवत माझ्या नवऱ्याकडे पाहिलं.

"भाच्या, तुज्या बायकोनं ह्यात कुसळं घातली का रं?"

सासू आतून आली. "काय झालं रं दादा?"

"घसा सोलवटला माजा. काकडं घातली नाय हिनं."

तेव्हा जाऊ माझ्या मागं उभी होती. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, "मी म्हनलं व्हतं तिला. काकडं घाल म्हून सकाळधरनं सांगत व्हते."

तो शब्द मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होते. मला त्यातून काकड्याच कळल्या. पावसाळ्याच्या तोंडावर वेलाला फूल नाही आणि हे काकड्या कुठून काढतात, असं वाटून मी म्हणाले, "काकड्या अजून कुठं आल्यात?"

सगळे हसले. खाजणारा घसा घेऊन मामाही हसले. "शेवळात काकड्या. घाटावरचीच ही. हिला शेवळं म्हंजे बैलाची वैरन वाटली आसंल." असं म्हणून ते पानावरून उठले. पाहुणा अर्ध्या पानावरून उठला ते त्या घरानं आधी पाहिलं नव्हतं. सासूनं माझ्याकडे पाहिलंही नाही. जावेला म्हणाली, "थोरले, तूच बस चुलीशी. हिचा भरवसा नाय."

मी वळून जावेकडे पाहिलं. तिनं पाळण्यातून माझी पोर उचलली होती आणि तिला थोपटत होती. पोर रडत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या पोरांकडून कळलं की त्या हिरव्या फळांनाच काकडं म्हणतात. गोठ्यात जाऊन नवऱ्याला विचारलं, "पोरं त्या फळांनी खेळत होती ती तुमी बघितली व्हती?"

"बघितली."

"मग ती काकडं हायत हे तुमाला कळलं असंल."

तो बैलाच्या गळ्यातली दोरी सोडत राहिला. मग म्हणाला, "वयनीनं मला ल्हानाचा मोठा केलाय. चारचौगांत तिला खोटी पाडू?"

"मला पाडलं ते?"

"तू काय, नवी हायस. लोक इसरतील."

जावेपेक्षा मला याचा राग जास्त आला, तो अजून गेलेला नाही. जावेला काहीतरी हवं होतं. याला काही नको होतं, नुसतं गप्प राहायचं होतं.

मी चिखलात गेले. तेव्हा मला वाटत होतं की जावेला ऊन-पाऊस टाळायचा होता, म्हणून तिनं चूल ओढून घेतली. दुपारी पोरीला पाजायला घरी यायचे तर पोर आधीच पेज पिऊन झोपलेली असे. जाऊ हळूच म्हणायची, "ऱ्हाऊ दे गं, आत्ताच डोळा लागलाय. तू दमलीस, चार घास खा नि जा." छातीत दूध दाटायचं, दुखायचं. भात कापायच्या आधीच ते आटलं. तिकडे पोर नाचणीच्या सत्त्वावर बाळसं धरत होती. सत्त्व जाऊ गाळायची, जाऊ शिजवायची, जाऊ भरवायची. पोर भरवणाऱ्या हाताचीच होते. एकदा मी पाय धुऊन हात पुढं केले तर तिनं जावेच्या मानेत तोंड लपवलं. जाऊ हसली नाही की काही नाही, नुसती पदर सावरून आत गेली. तेव्हा मला कळलं की तिला चूल नको होतीच, तिचा डोळा पाळण्यावर होता.

पोर बोलायला लागली ती जावेला आय म्हणून. मला बाय म्हणाली. कुणी तिला बदलायला सांगितलं नाही. सासू म्हणाली, "दोन आया, नशिबाची पोर." नवरा मान हलवून भाकरी खात राहिला. मला पुढं मुलगे झाले, ते मला आयच म्हणतात. पण मुलगी ती एकच.

आता सासू नाही, नवरा नाही, थोरला दीरही नाही. चूल माझी आहे. जाऊ माझ्याच घरात आहे, जाईल कुठं. दात गेलेत, भाकरी पेजेत भिजवून देते. तिचं मी काही कमी करत नाही. मुलीला खोपोलीकडे दिली आहे. शेवळांच्या दिवसांत ती येते, दारातूनच "आय, कशी हायस गं?" म्हणत आधी जावेपाशी जाऊन बसते. मग माझ्याकडे येऊन, "बाय, शेवळं केलीस का?"

शेवळं मी करतेच, आणि ती चांगली होतात. काकडं भरपूर घालते. आम्ही तिघी एकत्र जेवायला बसतो. जाऊ पानाकडे बघत विचारते, "काकडं घातलीस ना गं?" दर साली विचारते.

मी म्हणते, "काकड्या अजून कुठं आल्यात?"

मुलगी हसते. बाय थट्टा करते असं तिला वाटतं. जाऊ हसत नाही. मी दोन-तीन घास खाऊन होईपर्यंत ती भाजीला बोट लावत नाही, माझ्या गळ्याकडे बघत बसते. मी घास सावकाश खाते.