अंगठ्यावरची काळी रेघ

आम्ही बांगड्या भरणारे मुसलमान. आईला अक्षर वाचता येत नसे, पण नाशिकच्या तांबट आळीतल्या बायकांचे हात तिला तोंडपाठ होते. मला त्याचा तोरा होता, आजही आहे.

बांगडी अडते ती अंगठ्याच्या बुडाशी. म्हणून आई आधी अंगठा आत दुमडून हात चेपायची. एका तांबटाच्या बायकोच्या उजव्या अंगठ्याच्या नखात तिनं संक्रांतीला दोऱ्याएवढी काळी रेघ पाहिली होती. वैशाखात त्या घरी लग्न निघालं, चुडा भरायला आम्हा दोघींना बोलावलं, तर रेघ काडीएवढी जाड होऊन नखाबाहेर कातडीवर उतरलेली. घरचे म्हणाले, हातोडी लागली असेल. तांबटाच्या घरात काळं नख म्हणजे हातोडीचाच प्रसाद. आईला ते पटेना. मुका मार नखाबरोबर पुढे सरकतो आणि कापला जातो; ही रेघ बुडाशीच पसरत होती. तिनं हिरव्या बांगड्या परत टोपलीत ठेवल्या.

"वहिनी, आधी डॉक्टरला दाखवा. तोवर मी चुडा भरणार नाही."

शुभकार्यात सुवासिनीला चुडा नाकारला! सासूबाईंनी आम्हाला आळी बंद करण्याची धमकी दिली. त्या आळीवरच आमची चूल पेटायची, म्हणून वाटेत मी आईवर चिडले. ती एवढंच म्हणाली, "डोळे काय नुसतं माप बघायला दिलेत?"

तिसऱ्या दिवशी नवरा बायकोला दवाखान्यात घेऊन गेला. तो कॅन्सर निघाला. अंगठा बुडापासून काढावा लागला. उशीर झाला असता तर बाई हाती लागली नसती, असं डॉक्टर म्हणाले. असा डाग तळपायावरही उठतो, हेही त्यांनीच सांगितलं. मग काय, आळीतल्या बायका हातांबरोबर लाजत लाजत तळपायही दाखवू लागल्या. जन्माचा तीळ जसाच्या तसा असेल तर असू दे, आई सांगे; नवा डाग उठला, वाढला, रंग बदलला, तर घरात बसू नका.

दिवाळीला ती बाई आपणहून आमच्या दारी आली आणि तिनं उजवा हात पुढे केला. आईचा हात सवयीनं अंगठा दुमडायला गेला आणि तिथंच थांबला.

"मावशी, आता अडायला काही नाही," बाई हसून म्हणाली. "भरा."

त्या हातात आईनं पुढे त्या बाईच्या नातीच्या बारशालाही बांगड्या भरल्या.