देवीच्या चोळीची पाठ

मुलगी पाच महिन्यांची झाली तरी मी देवीचा नवस फेडायला गेले नव्हते. देऊळ आमच्या निजामपुऱ्यातल्या घरापासून चालत जाण्यासारखं, तरी मी तो रस्ताच सोडला होता. भाजी आणायलासुद्धा लांबून वळसा घ्यायचे. देवीने मला द्यायचं ते दिलं होतं आणि मीच तिच्यापासून तोंड लपवत होते. मी चौथीपर्यंत शिकले, आणि चार माणसांत बोलायला मला जमतच नाही, म्हणून हे आजवर कोणाला सांगितलं नाही. वहीत लिहिते आहे.

ही मुलगी होण्याआधी दोनदा माझं पोट तिसऱ्या महिन्यात रिकामं झालं होतं. हिच्या वेळी मी देवीला बोलले, हे मूल हाती येऊ दे, लग्नातला शालू नेसून, त्याच पोलक्यात, नवरीसारखी येऊन तुझी ओटी भरीन. पोलक्याची अट देवीने घातली नव्हती, मीच घातली. सव्वा महिन्यानंतर ते पोलकं काढलं तर दंडातून वर चढेना. पोट भिजवलेल्या कणकेसारखं सैल, त्यावर जांभळ्या रेघा. बारशाला नणंद सगळ्यांदेखत म्हणाली, “वहिनी, आत अजून एक राहिलंय की काय? पाळणा मोठा सांगायला हवा होता.” बायका हसल्या. हेही हसले. त्यांच्या मनात काही नव्हतं हे मला ठाऊक आहे, पण त्या दिवसापासून मी कपडे बदलताना आरशावर टॉवेल टाकू लागले. ह्यांचा हात अंगाला लागला तरी आकसून जायचे.

मग त्या पोलक्याने मला झपाटलं. सासूबाई डिंकाचे लाडू करून डबा भरून ठेवत. “खा गं, अंगावर पाजतेस,” म्हणत. मी त्यांच्यासमोर लाडू हातात घ्यायचे आणि दाराशी येणाऱ्या गायीला घालायचे. दुपारी नुसता चहा, संध्याकाळी एक पोळी. पोटाला जुनं लुगडं इतकं आवळायचे की कातडीवर पुरळ उठलं. दर मंगळवारी दार लावून पोलकं घालून बघायचं आणि भिंतीकडे तोंड करून रडायचं, हेच चाललं होतं. दूध कमी होत गेलं. मुलगी ओढून ओढून दमायची आणि रडत झोपायची. अंगणवाडीतल्या गुजराती बाईंनी वजन केलं आणि म्हणाल्या, “गया महिना जेटलुंच छे, बेन. तमे बराबर जमो छो ने?” वजन मागच्या महिन्याइतकंच होतं, आणि मी नीट जेवते ना, असं त्या विचारत होत्या. मी काही बोलायच्या आत सोबत आलेल्या सासूबाई म्हणाल्या, “रोज दोन लाडू खाते हो ती.” मी मान खाली घातली. घरी येताना मुलीचा हात माझ्या गळ्याशी होता, काडीसारखा. ही चुकीच्या घरी आली, असं मला वाटलं. देवीला जाऊन सांगावं, तू दिलेलं मला सांभाळता येत नाही, तूच काय ते बघ.

पुढच्या मंगळवारी शालू नेसले. पोलक्याचे हुक लागेनात, तीन पिना लावल्या आणि पदर अंगभर घेतला. देवळात दुपारची वेळ, गर्दी नव्हती. नारळ ठेवायला वाकले तर पाठीवरची शिवण टरकली. तो आवाज मला अजून ऐकू येतो. कडेवरची मुलगी रडायला लागली. मी पाठ खांबाला लावून उभी राहिले. पुढेही जाता येईना, मागेही वळता येईना.

कोपऱ्यात एक म्हातारी गुजराती बाई हिरव्या खणाची चोळी शिवत बसली होती. “अहीं आव, बेटा,” म्हणाली. मी हलले नाही तेव्हा तीच उठली, मुलीला माझ्याकडून घेतलं आणि माझ्यामागे येऊन उभी राहिली. फाटलेलं तिला दिसलंच असणार. हातातली चोळी तिने उलटी करून दाखवली. चोळीला पाठ नव्हती. नुसता पुढचा भाग आणि दोन नाड्या.

“माताजीचं माप कोण घेणार? पथ्थर तर एवढा मोटो,” ती मोडक्या मराठीत म्हणाली. “पुढून घालायचं, मागे नाडी बांधायची. कोई दिवस माताजी रुसल्या नाहीत.” मग तिने मला गाभाऱ्याच्या बाजूच्या झरोक्यातून बघायला लावलं. समोरून नटलेली देवी मी जन्मभर पाहिली होती. बाजूने तिची पाठ उघडी होती, ओबडधोबड, अभिषेकाच्या पाण्याच्या रेघा वरपासून खालपर्यंत. माझा हात पोटावर गेला आणि तिथेच राहिला.

बाईने पदराआड माझ्या पोलक्याची पाठ पूर्ण उसवली आणि देवीसाठी आणलेल्या नाड्यांतल्या दोन लावून दिल्या. मी ओटीचं ताट उचललं तर म्हणाली, “ना. पहेला खा.” तिच्या डब्यातली सुखडी, म्हणजे आपली गूळपापडीच, मी बसून खाल्ली, तीन तुकडे. नंतर मुलीला पाजलं. दूध लगेच भरून आलं असं मी म्हणणार नाही, पण ती रडली नाही. मग नाड्या बांधलेल्या पोलक्यात मी देवीची ओटी भरली. जे सांगायला गेले होते ते सांगितलंच नाही.

घरी आल्यावर सासूबाईंना गायीचं खरं सांगितलं. त्या उठल्या आणि डबा माझ्यासमोर ठेवून तिथेच बसल्या. पुढच्या महिन्यात मुलीचा काटा थोडा सरकला. काही मंगळवारांनी ती बाई मला पुन्हा दिसली. मी पाया पडले तर तिने ओळखलंच नाही. “कितीतरी छोकरीओ आवे,” म्हणाली आणि सुईत दोरा ओवायला माझ्या हातात दिला.

पोट तसंच आहे. अजूनही काही सकाळी आरशावर टॉवेल पडतो आणि दिवसभर उचलवत नाही. पण त्या दिवशीही मी जेवते. नवसात मी माझं माप घातलं होतं, देवीने ते कधी धरलंच नव्हतं. शेजारची मुलगी बाळंत होऊन आली आहे, सारखी ओढणी पुढे ओढत असते. तिला काय सांगावं, मला सुचेना. काल ते पोलकं घेऊन तिच्याकडे गेले, तिच्या मांडीवर उलटं ठेवलं आणि नाड्या दाखवल्या.