पडद्यावर उरलेला दादा

दादा गेला तेव्हा रहिमतपुरात केबल नुकती आली होती. तो केबलवाल्याकडेच कामाला, खांबाखांबावरून वायरी ओढायचा. कावीळ काय झाली, आठवड्यात होत्याचं नव्हतं झालं. मालकाने गावच्या चॅनेलवर त्याचा फोटो लावला, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. एरवी असं एखादा दिवस दाखवायचे. आपला पोरगा म्हणून त्याने तेराव्यापर्यंत तो फोटो हलवलाच नाही.

आणि आईने टीव्ही बंद करू दिला नाही. आवाज बंद, चित्र चालू, समोर समई. रात्रंदिवस. "त्याच्या तोंडावर अंधार करू नगंस," म्हणायची. ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही, दादानेच कुणाचा तरी जुना आणलेला. तिला बोलणार कोण?

तेराव्यानंतर चॅनेलवर सिनेमा सुरू झाला, तरी दादा जाईना! इतके दिवस एकच चित्र राहिलं की काचेच्या आतली पावडर तिथे जळते, हे आम्हाला नंतर कळलं. बातम्या देणारीच्या कपाळावर त्याची चौकट, क्रिकेटच्या मैदानात पुसट श्रद्धांजली. शेजारणी टीव्ही बघायला यायच्या बंद झाल्या. मला तर त्या खोलीत घास उतरायचा नाही. भीती वाटायची, सख्ख्या भावाची! आई मात्र ताट घेऊन त्याच्यासमोरच बसायची.

पुढे पिक्चर ट्यूब मंदावली. "दिसंना गं," म्हणून आई रडायला लागली. सांगलीत जुन्या ट्यूबा नव्या करून देणारा एक कारखाना होता. टीव्ही गोधडीत गुंडाळून आम्ही दोघी एसटीने गेलो.

कारागीर म्हणाला, "मागची गन बदलली की उजेड येईल. पण आतली पावडर जळलीय. ती धुऊन नवी चढवू का? डाग जाईल."

"धुवा," मी पटकन म्हणाले.

"तू गप!" आई माझ्यावर खेकसली. मग त्याला म्हणाली, "आवं, डाग न्हाई त्यो. माझा ल्योक हाय."

कारागिराने मागच्या वायरी जोडल्या. त्याने जरा जादा करंट देऊन ट्यूब नुसती पेटवून दाखवली. सिनेमा नाही, बातम्या नाहीत, सगळा पडदा पांढरा. आणि त्यात दादा. घरी तो इतका स्वच्छ कधी दिसला नव्हता. फोटोत जे उजळ होतं तेच जळून काळवंडलं होतं, काळं तेवढं वाचलं होतं. त्यामुळे चेहरा रापलेला आणि ते काळेभोर केस पांढरेशुभ्र. मी मागे सरले.

आई काचेपाशी गेली. त्याच्या केसांवरून हात फिरवत राहिली.

"आगं बाई, पिकला की गं माझा! केवढा म्हातारा झालाय बघ."

ती हसली. कितीतरी दिवसांनी हसली. मग पदराने डोळे पुसले आणि कारागिराकडे वळली.

"धुवा आता," म्हणाली. "लय जगला."